मोबाइलमधला चोर आणि आपलं लेकरू

दिवाळी सरली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. कोयता घेऊन जोड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. जाताना बाप घरात एक मोबाइल ठेवून जातो. हेतू चांगलाच असतो. फडातून संध्याकाळी फोन लावावा, लेकराचा आवाज कानावर पडावा, एवढंच.

अशाच एका घरी आम्ही आजीच्या तब्येतीची चौकशी करायला गेलो होतो. नातू सातवीत. कोपऱ्यात गोधडी डोक्यावरून घेऊन बसलेला. दोनदा हाक मारली तरी ओ देईना. आजीने गोधडी ओढली तर हातात मोबाइल, श्वास रोखलेला, अंगठा काचेवर. पडद्यावर एक टोपीवाला माणूस पाय न वाजवता कुणाच्या तरी घरातून निघाला होता.

"आरं, काय करायलास?" आजीने विचारलं.

"थांब आज्जी, चोरी करायलोय. म्हातारी जागी व्हायली."

आजीने कपाळावर हात मारला. आमच्याकडे वळून म्हणाली, "सकाळी विहारात पंचशील म्हणतंय आन् रातच्याला चोऱ्या करतंय. आता तुमीच सांगा, ह्याला काय करावं?"

आम्ही हसलो. पण परत येताना तो प्रश्न आमच्यासोबत आला. कारण तो एका आजीचा नव्हता. गेल्या काही महिन्यांत वस्त्या-वस्त्यांतून फिरताना आई-वडिलांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आम्हाला विचारला आहे. लेकराला चोर व्हायला एवढं का आवडतं? याने त्याला खोड लागेल का? मोबाइल हिसकावून घ्यावा की खेळू द्यावं? म्हणून या वेळचं आरोग्याचं पान याच प्रश्नासाठी ठेवलं आहे.

हा खेळ असतो तरी कसा?

आधी खेळ समजून घेऊ. आपण जे पाहिलंच नाही, त्यावर लेकराला रागावलो तर ते आपलं ऐकत नाही.

त्या नातवाच्या मोबाइलवर होता 'रॉबरी बॉब'. बॉब नावाचा एक चोर, आणि दुसऱ्याचं घर. घरात माणसं फिरत असतात. कुणी झोपलेलं असतं, कुठे पहारेकरी असतो, कुठे कुत्रं. पहारेकऱ्याची नजर कुठवर जाते ते पडद्यावर दिसतं. त्या नजरेत न येता, कपाटाआड लपत, दारामागे थांबत वस्तू उचलायची आणि बाहेर पडायचं. धावलं तर आवाज होतो. आवाज झाला तर पहारेकरी येतो. पकडलं गेलं की डाव पुन्हा पहिल्यापासून.

असे खेळ नवे नाहीत. 1998 साली अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओज या कंपनीने संगणकासाठी 'थीफ' नावाचा खेळ काढला. या प्रकारच्या खेळांत त्याचं नाव आजही घेतात. त्यातला नायक गॅरेट हा लहानपणी रस्त्यावर पाकिटं मारणारा अनाथ पोरगा. मोठा होऊन तो श्रीमंत सरदारांच्या वाड्यात शिरतो. त्या काळी बहुतेक खेळांत बंदूक घेऊन समोर येईल त्याला मारायचं असे. 'थीफ'मध्ये उलट होतं. समोरासमोर लढायला गेलात तर बहुधा हरणारच. जिंकायचं असेल तर अंधारात उभं राहायचं. आपण उजेडात आहोत की अंधारात, हे दाखवणारी एक खूण पडद्याच्या खाली असायची. गालिच्यावर पाऊल वाजत नसे, फरशीवर आणि लोखंडावर वाजे. मशाल विझवायला पाण्याचे बाण होते. आणि सगळ्यात अवघड पातळी निवडली, तर एकाही माणसाला मारायचं नाही, अशी अट असायची. म्हणजे जो सगळ्यात तरबेज, त्याने कुणाचा जीव न घेता बाहेर पडून दाखवायचं.

हे वाचून काही वाचकांना आपलं लहानपण आठवलं असेल.

डबा ऐसपैस विसरलात का?

आपण सगळे डबा ऐसपैस खेळलोय. एक पत्र्याचा डबा. कुणीतरी तो लांब भिरकावतो. ज्याच्यावर राज्य, तो डबा आणून जागेवर ठेवतो, तेवढ्यात बाकीचे लपतात. कुणी गोठ्यात, कुणी कडब्याच्या गंजीमागे. राज्य असलेला हुडकत फिरतो आणि दिसेल त्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' म्हणतो. पण त्याची पाठ फिरली की एखादा दबक्या पावलांनी येतो आणि डबा उडवतो. मग सगळे सुटतात आणि त्याच्यावर पुन्हा राज्य.

आठवा, कडब्यामागे बसल्यावर काय होत होतं? काळीज धडधडायचं. हसू दाबावं लागायचं. नेमका तेव्हाच खोकला यायचा. राज्य असलेला दोन हातांवरून निघून गेला, त्याला आपण दिसलो नाही, की जो आनंद व्हायचा तो कुठल्याही खाऊने झाला नसेल. चिठ्ठ्यांवरच्या राजा-प्रधान-शिपाई-चोर या खेळातही चोराची चिठ्ठी आली की तोंड कसं साधं ठेवायचं, हीच खरी गंमत होती. त्या चिठ्ठीवर गुण शून्य, तरी खेळाचा जीव तीच.

मोबाइलमधला चोर हाच डाव खेळतो. लेकराला गोडी चोरीच्या मालाची नसते. मालाला तिथे काही किंमतच नाही. गोडी आहे दबकण्याची, थांबण्याची, अंदाज घेण्याची आणि निसटण्याची.

अंगात काय घडतं?

लपलेलो असताना पहारेकरी जवळ आला की मेंदूला ते संकटच वाटतं. खेळ आहे हे माहीत असतं, तरी शरीर तयारीला लागतं. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलीन नावाचा रस रक्तात सोडतात. नाडी वाढते, श्वास अडतो, तळहाताला घाम येतो, कान टवकारले जातात. मग पहारेकरी निघून जातो. धोका टळला हे मेंदूला कळतं आणि अंग सैल पडतं. ताण आणि सुटका, पुन्हा ताण आणि पुन्हा सुटका. सुटकेच्या क्षणी वाटणारं समाधान मेंदू लक्षात ठेवतो आणि पुन्हा मागतो. त्यात डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा असतो.

दुसरी गोष्ट कौशल्याची. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि ॲन्ड्रयू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली खेळांची गोडी कशात आहे यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला तीन गोष्टींची भूक असते. मला काही जमतं असं वाटणं, माझा मार्ग मी निवडला असं वाटणं आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. ज्या खेळात ही भूक भागते, तो खेळ माणूस पुन्हा पुन्हा खेळतो.

चोराच्या खेळात पहिल्या दोन भुका चांगल्या भागतात. दहा वेळा पकडलं गेलेलं लेकरू अकराव्यांदा निसटतं, तेव्हा त्याला कुणाच्या शाबासकीची गरज राहत नाही. खिडकीतून जायचं की मागच्या दाराने, हे त्याचं त्याने ठरवलेलं असतं. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या, फळ्यावरचं नीट न कळणाऱ्या लेकराला दिवसभरात 'मला जमलं' असं वाटण्याची दुसरी जागा किती आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा. तिसरी भूक, आपल्या माणसांची, ती मात्र गोधडीखाली एकट्याने खेळून भागत नाही. ती उपाशीच राहते. याकडे आपण पुन्हा येऊ.

न दिसण्याची मजा आणि न दिसण्याचं दुःख

एका वस्तीत आठवीतल्या मुलाला आम्ही विचारलं, तुला या खेळात काय आवडतं? तो म्हणाला, "मी कोणालाच दिसत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "दुकानात गेलो की दुकानदार माझ्या हाताकडंच बघतो."

यावर आम्हाला लगेच काही बोलता आलं नाही.

आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. गावगाड्यात वेशीची राखण आपल्या आजा-पणजांकडे होती. रात्री जागायचं, परक्याला अडवायचं, चोरी झाली तर चोराचा माग काढायचा, ही कामं महार वतनदारांच्या माथी होती. गाव ज्याच्या राखणीवर झोपत होतं, त्यालाच गाव वेशीच्या आत राहू देत नव्हतं. ही वतनाची बेडी तोडा, असं बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते, हे या पानाच्या वाचकांना ठाऊक आहे.

आपल्या शेजारी राहणाऱ्या पारधी, कैकाडी बांधवांवर तर याहून मोठा शिक्का बसला. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. शेजारच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं जात होतं. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी, तो कायदा गेला. शिक्का अजून पुरता गेलेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं असेल, त्यांना खऱ्या चोरीत गंमत नसते हे वेगळं सांगायला नको. 1988 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात पोट आहे, मार आहे आणि पोलिसांची भीती आहे. मोबाइलमधला चोर पकडला गेला तर बटण दाबून परत सुरू करतो. खऱ्या माणसाला तसं बटण नसतं.

म्हणून चोराचा खेळ आपल्या वस्तीत येतो तेव्हा त्याला एक जास्तीची बाजू असते. ज्या पोराकडे बाहेर संशयाने पाहिलं जातं, त्याला पडद्यावर नजरांना चकवता येतं. तिथे पहारेकऱ्याची नजर कुठवर आहे हे स्पष्ट दिसतं. तिचे नियम ठरलेले असतात. नियम पाळले तर नजर चुकवता येते. बाहेरच्या नजरेला नियम नाहीत. हे त्या लेकराला असं मांडून सांगता येणार नाही, पण त्याच्या अंगाला ते कळत असावं. त्याला 'चोरा' म्हणून हाक मारण्याआधी, गमतीतसुद्धा, आपण एवढा विचार करावा. बाहेरचे जो शब्द आपल्या लेकरावर फेकतात, तो घरात आपल्या तोंडी नसावा.

मग पंचशीलाचं काय?

आजीचा प्रश्न खरा होता. दुसरं शील सांगतं, न दिलेलं घ्यायचं नाही. मग खेळात घेतलेलं चालतं का?

आपल्या परंपरेत याचा फार बारकाईने विचार झालेला आहे. अट्ठकथेत चोरीची पाच अंगं सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असावी, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला माहीत असावं, चोरण्याची इच्छा असावी, त्यासाठी प्रयत्न व्हावा आणि वस्तू प्रत्यक्ष उचलली जावी. खेळात पहिलं अंगच नाही. ज्याची वस्तू गेली असा माणूस कुठे नसतो. शील मोडलं असं म्हणता येत नाही.

याने खोड लागेल का, या भीतीबद्दलही सांगतो. मारामारीच्या खेळांवर खूप अभ्यास झाले आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातून 2019 साली 14-15 वर्षांच्या ब्रिटिश मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंसक खेळ खेळण्याचा आणि मुलांच्या आक्रमक वागण्याचा संबंध त्यात आढळला नाही. तो अभ्यास चोरीच्या खेळांचा नाही आणि आपल्या मुलांचाही नाही, तेव्हा त्यावर डोळे झाकून विसंबू नका. पण खेळात केलेलं लेकरू जसंच्या तसं बाहेर करतं, एवढं साधं ते गणित नाही, हे त्यातून दिसतं. डबा ऐसपैस खेळून आपण कुठे चोर झालो?

तरीही एक गोष्ट लेकराशी बोलायला हवी. खेळात चोर दिसतो, पहारेकरी दिसतो. ज्याचं गेलं तो दिसत नाही. सकाळी उठून रिकामी पेटी पाहणारी बाई दिसत नाही. ऊसतोडीची उचल घरात ठेवली आणि ती गेली, तर त्या घरावर काय वेळ येईल, हे खेळ दाखवत नाही. ते आपण सांगायचं. रागावून नाही, गोष्ट सांगावी तसं.

गोष्टच हवी असेल तर जातकांत एक आहे. वाराणसीत एक नामवंत आचार्य होते. त्यांचे पाचशे शिष्य. आचार्यांना आपली मुलगी शीलवान शिष्याला द्यायची होती. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, मुलीच्या लग्नासाठी कपडे-दागिने हवेत. आपापल्या घरून चोरून आणा. अट एकच, कुणालाही दिसता कामा नये. ज्याला कुणी पाहिलं, त्याचं मी घेणार नाही. शिष्य रोज काही ना काही आणू लागले. एक जण मात्र रिकाम्या हाताने आला. आचार्यांनी विचारलं, तुला काही मिळालं नाही का? तो म्हणाला, कुणाला दिसणार नाही अशी जागाच मला सापडली नाही. कुणी नसलं तरी मी असतोच, मी मला दिसतो. आचार्यांना हवा होता तो शिष्य सापडला. बाकीच्यांना त्यांनी आणलेल्या वस्तू परत न्यायला लावल्या.

ही गोष्ट चोराचा खेळ खेळणाऱ्या पोराला सांगून पाहा. पहारेकऱ्याची नजर चुकवण्यात तो पटाईत आहेच. त्यामुळे 'मी मला दिसतो' याचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतो, असा आमचा अनुभव आहे.

खरं नुकसान कुठे होतं?

आता आरोग्याच्या पानाचं मुख्य काम. खेळातल्या चोरीची काळजी कमी करा. पुढच्या गोष्टींची करा.

झोप: 6 ते 12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलाला 8 ते 10 तास झोप लागते. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं झोपेचं द्रव्य तयार करू लागतो. मोबाइलचा उजेड डोळ्यावर पडला की ते उशिरा तयार होतं. त्यात हा खेळ नाडी वाढवणारा. मोबाइल बाजूला ठेवला तरी अंग लगेच निवत नाही. मग सकाळी लेकरू उठत नाही, शाळेत पेंगतं, चिडचिड करतं, आणि आपण म्हणतो, अभ्यासात डोकं नाही.

डोळे: एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. पडद्यावर नजर लावली की हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. या खेळात मोबाइलचा उजेड कमी करून अंधारात टक लावून बघायची सवय लागते, तेव्हा त्रास वाढतो. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघायला शिकवा. लिंबाच्या झाडाकडे बघ म्हटलं की पुरे.

मान आणि अंगठा: गोधडीखाली वाकून बसल्याने मान, खांदे धरतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. 'पोरगं एवढ्यातच मान दुखते म्हणतंय' असं वाटलं तर आधी मोबाइल कसा धरतं ते पाहा.

पैसा: फुकटच्या खेळात मध्ये मध्ये जाहिराती येतात. काही जाहिराती पैसे लावायच्या खेळांकडे नेतात. चोराचा खेळ आणि पैसे लावायचा खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात लेकराची झोप जाते, दुसऱ्यात घर जातं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. तरी सावध राहा. ज्या मोबाइलमध्ये पैसे पाठवण्याचं ॲप आहे, तो लेकराच्या हाती देताना त्याचा गुप्त क्रमांक त्याला सांगू नका.

घरातली आई पहारेकरी वाटू लागली तर

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण वेगळीच आहे. खेळात लपणारं लेकरू घरात लपू लागलं का, हे बघा.

रात्री सगळे झोपल्यावर उठून मोबाइल घेणं. पावलांचा आवाज आला की पडदा बंद करणं. शाळेत गेलो म्हणून सांगून देवळामागे खेळत बसणं. मोबाइलच्या रिचार्जसाठी घरातले दहा-वीस रुपये न विचारता उचलणं. हे सुरू झालं म्हणजे खेळ पडद्याबाहेर आला. आता त्याच्या लेखी आई पहारेकरी झाली आणि बाप कुत्रं. आणि असं का झालं, याचं उत्तर पुष्कळदा आपल्यापाशी असतं. आपण दिसलं की मारलं, मोबाइल हिसकावला, कधी आपटला. मार बसला म्हणून लेकरू खेळायचं थांबत नाही, ते जास्त चांगलं लपायला शिकतं. त्या खेळातही तसंच असतं. पहारेकरी जेवढे कडक, तेवढा चोर हुशार होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत खेळाच्या व्यसनाला जागा दिली आहे. ती यादी जानेवारी 2022 पासून लागू आहे. खूप खेळतो म्हणजे आजार, असं त्यात म्हटलेलं नाही. तीन गोष्टी बघायच्या. खेळणं स्वतःच्या ताब्यात राहत नाही. जेवण, शाळा, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललं आणि त्याने शिक्षण, घर, तब्येत यांचं स्पष्ट नुकसान झालं, तर तो आजार मानतात. अशी मुलं थोडी असतात. पण आपलं लेकरू तसं असेल तर लाज धरू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

घरात काय करता येईल?

एक. आधी लेकराजवळ बसा आणि खेळ बघा. 'हा पहारेकरी कुठं चाललाय? तू आता कुठं लपणार?' असं विचारा. एक डाव स्वतः खेळून पाहा. तुम्ही पकडले जाल, लेकरू हसेल. जी तिसरी भूक आम्ही वर सांगितली, ती इथे भागते.

दोन. वेळ लेकराला विचारून ठरवा. 'बंद कर' म्हणण्यापेक्षा 'हा डाव संपला की ठेव' म्हणा. मध्येच हिसकावलं तर मेहनत वाया गेली म्हणून भांडण होतं.

तीन. झोपायच्या एक तास आधी मोबाइल आजीच्या उशाशी, किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडे. मोठ्यांनीही हाच नियम पाळायचा. बापाने गोधडीत रील बघायची आणि पोराला झोप म्हणायचं, हे चालणार नाही.

चार. दोन वर्षांखालच्या बाळाला मोबाइल दाखवूच नका. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांनी जवळ बसून. जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नको.

पाच. मुलींनाही खेळू द्या. काही घरांत मुलगा तासन् तास खेळतो आणि मुलीने मोबाइल घेतला तर ओरडा बसतो. नियम असेल तर दोघांना सारखा.

सहा. फडावर असलेल्या आई-बापांनी फोन केला की 'अभ्यास केला का?' एवढंच विचारून ठेवू नका. 'आज बॉबने काय उचललं? पकडला का?' असंही विचारा. दोन मिनिटं जास्त बोलणं होईल. त्या दोन मिनिटांसाठीच तर मोबाइल घरी ठेवला आहे.

सात. रविवारी विहारापुढच्या मोकळ्या जागेत डबा ऐसपैस पुन्हा सुरू करा. डबा कुणाच्याही घरात सापडेल. मोठ्यांनीही खेळा. त्यात पळणं आहे, वाकणं आहे, मोकळी हवा आहे, आणि पकडलं गेल्यावर हसणारी माणसं समोर आहेत.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या आजीकडे पुन्हा गेलो. नातू या वेळी गोधडीत नव्हता. आजीच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि मोबाइल दोघांच्या मध्ये होता. आजीला चष्मा नाही, तिला फारसं दिसत नव्हतं. पण ती विचारत होती, "आरं, ती म्हातारी उठली का न्हाई?"

नातू म्हणाला, "न्हाई अजून."

आजी म्हणाली, "मंग लवकर भाईर पड. आन् तिचं जे काय घेतलंस, ते उद्या परत ठिवून ये."

नातू म्हणाला, खेळात तसं करता येत नाही. आजी म्हणाली, "मंग खेळच अर्धा हाय की त्यो."

पोरगं विचारात पडलं. आम्ही चहा घेतला. आठ वाजले, तसा आजीने हात पुढे केला. त्याने डाव संपवला आणि मोबाइल आपणहून तिच्या हातावर ठेवला.